पान्याचा ठोका

“टेबलाला हात लावू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी नुकताच लावला होता. नंदिनी त्यांच्या टेबलावर माझ्याकडे पाठ करून बसली होती, समोरच्या कपाटातली खेळणी बघत. मी मागून बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा खणखणीत ठोकलं आणि तिनं लगेच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घ्या, असं मी तोंडानं म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर ते आलंच असणार. बाईंच्या हातातल्या रिपोर्टात माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीला दोन्ही कानांनी काहीही ऐकू येत नाही असं लिहिलेलं होतं, आणि मी नोकरीभर मीटरपेक्षा स्वतःवर जास्त भरवसा ठेवलेला माणूस. बाईंनी माझ्या सुनेला, सरिताला सांगितलं, “तिला उचलून कडेवर घ्या. पाठ आजोबांकडे.” मग मला म्हणाल्या, “आता टाळी वाजवा. जोरात.” मी वाजवली. नंदिनी आईच्या ओढणीचं टोक चघळत राहिली. मी पुन्हा वाजवली, तळहात झणझणले. बाहेरचा कंपाउंडर दार ढकलून आत डोकावला, काय झालं म्हणून. नंदिनी तेवढी वळली नाही. “मघाशी ती टेबलामुळे वळली, आजोबा,” बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता त्यांचा, निदान ओठ तरी मऊ हलत होते. “हादरा तिच्या अंगाला कळला. कानाला काही कळलेलं नाही.”

मी खाली बसलो. डोळ्यांपुढे त्या बाईंचं सनमायकाचं टेबल राहिलंच नव्हतं, नागपुरातल्या आमच्या जरीपटक्याच्या घरातला लोखंडी पलंग आला होता. हिरव्या ऑइलपेंटचा, एका पायाखाली विटेचा तुकडा असलेला. मी तीस वर्षं पॉवर हाऊसच्या टर्बाइन हॉलमध्ये काढली. खापरखेड्याकडच्या कॉलनीत राहायचो, तीन पाळ्यांत जायचो, आणि तिथं माझी एकच गोष्ट नावाजलेली होती. माझी सळई. हातभर लांबीची पोलादी सळई, तिचं एक टोक फिरत्या यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडावर दाबायचं. हॉलमध्ये शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नसे, पण सळईतून आतला एकेक छर्रा बोलायचा. नवीन पोरांना मी शिकवायचो, कान सोडून दे बाबू, कान खोटं बोलतो, लोखंड बोलत नाही खोटं. हे वाक्य मी किती पोरांना ऐकवलं असेल! लोखंडातून आवाज अंगात शिरतो, त्याला कान लागत नाही, हे अख्ख्या नागपुरात कुणाला माहीत नसेल तरी मला माहीत होतं.

बाई कागदावर काहीतरी काढून सरिताला समजावत होत्या आणि मी सवयीनं त्यांच्या ओठांकडे बघत होतो. माझेही कान गेलेलेच आहेत. कानात घालायचे बोळे मिळायचे तेव्हा मी ते खिशात ठेवायचो, बायल्यासारखं वाटायचं म्हणून. आता तेच खिसे कानाचं मशीन सांभाळतात. बाई म्हणत होत्या, आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात पेशींच्या ओळी असतात आणि प्रत्येक पेशीच्या डोक्यावर बारीक केसांचा झुबका असतो, जिन्याच्या पायऱ्यांसारखा रचलेला. पण बाळ पोटात असताना आधी प्रत्येक पेशीवर एकच वेगळा केस उगवतो. तो मधोमध उगवतो आणि सरकत सरकत एका कडेला जाऊन थांबतो. जिथं तो थांबला ती त्या पेशीची बाजू. मग बाकीचे केस त्याच्या अंगानं पायऱ्या करून उभे राहतात. सगळ्या पेशींची तोंडं एकाच बाजूला झाली की आवाजाची लाट आली, सगळे झुबके एकदम झुकले, मेंदूला निरोप गेला. नंदिनीच्या रक्ताची तपासणी सांगते की हे केस एकमेकांशी आणि त्या वाटाड्या केसाशी बांधणारे धागेच तिच्यात नीट तयार होत नाहीत. त्यामुळे वाटाड्या कुठल्याही कडेला जाऊन थांबतो, एक पेशी इकडे तोंड करून, दुसरी तिकडे, झुबके विस्कटलेले. “आम्ही तिच्या कानात डोकावून पाहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या, “उंदरांमध्ये हे पाहिलेलं आहे, त्यावरून सांगतेय.” आणि काम संपल्यावर त्या शंखातला तो वाटाड्या केस गळूनही जातो म्हणे. मोठ्या माणसाच्या कानात शोधायला गेलं तर तिथं तो सापडत नाही. एवढीशी गोष्ट, ती कुणाच्या डोळ्यांना दिसायच्या आधी येऊन, चुकून, निघूनही गेली. मला टर्बाइनची पाती आठवली, शेकडो पाती, सगळी एका अंगानं वळलेली. अर्धी उलट बसवून वाफ सोडली तर काय होईल याचा विचार मी कधी केला नव्हता, कारण असा गाढवपणा कुणी करतच नाही.

“ही चालायला उशिरा लागली का?” बाईंनी विचारलं. वीस महिन्यांनी, सरिता म्हणाली. “तोल सांभाळणारा भागही तिथंच असतो, त्यातही अशाच पेशी. अंधारात पडते का?” पडते, सरिता म्हणाली, लाईट गेली की जागची हलत नाही. आत्ता ते तोलामुळे असेल, बाई म्हणाल्या, पण डोळ्यांच्या पेशींनाही असाच एक बारीक केस जोडणीला लागतो, आणि या प्रकारच्या मुलांची नजर पुढे दहा-बारा वर्षांची झाल्यावर कडेनं आणि अंधारात कमी व्हायला लागते. म्हणून आज वरच्या मजल्यावर डोळे दाखवून घ्या. कानासाठी शस्त्रक्रिया करून आत यंत्र बसवता येतं, सरकारी योजनेतही होतं, साडेतीन म्हणजे उशीर झालाय पण दार बंद नाही झालेलं. “वर्षाची असताना आली असती तर,” एवढं बोलून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग सरिताकडे बघून म्हणाल्या, “तुम्हाला आधी कधी शंका नाही आली? का नाही आणलंत?”

मी वाट बघितली. खरं सांगतो, मी गुन्हेगारासारखा मान खाली घालून वाट बघितली, आता ही माझं नाव घेणार. सरितानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “घरात सारेच उशिरा बोलले म्याडम,” ती म्हणाली, “हिचा बाबा तर चार वर्साचा झाला तवा बोलला. आमाले वाटलं बोलन हेबी.” बाईंनी मान हलवली आणि विचारलं, नात्यात लग्न आहे का? तेव्हा मात्र मी धावून गेलो. हो म्हणालो, मीच जमवलं, ही माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आणि नवरा माझा मुलगा, आमच्यात चालतं. इतक्या घाईनं म्हणालो की बाईंना नवल वाटलं असेल. “तुमचा दोष नाही आजोबा, आई-बाप दोघांकडे एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत होती, ते कुणाला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर तो दोष ठेवायला हवा होता. तो चारचौघांचा असतो, जातीत, गोतात वाटला जातो, त्याच्यावर पांघरूण घालून माणूस झोपू शकतो. दुसरा माझ्या एकट्याचा होता.

वरच्या मजल्यावर नर्सनं नंदिनीच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायला चाळीस मिनिटं लागतील, बाहेर बसा म्हणाली. धंतोलीतल्या दवाखान्यांत असतात तशा पोलादी खुर्च्या होत्या, चार-चार एका दांडीवर जोडलेल्या, एक माणूस उठला की बाकीचे तिघे हलतात. मध्ये नंदिनी, एका अंगाला सरिता, दुसऱ्याला मी. समोर गोंदियाकडची एक म्हातारी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून डबा खात होती. सरितानं पुण्याला माझ्या मुलाला, रोशनला फोन लावला, तो उचलत नव्हता, कामावर असेल. नंदिनी डोळे चोळत होती, तिला जवळचं धूसर दिसायला लागलं होतं, आणि ती सारखी आमच्या चेहऱ्यांकडे मान पुढे काढून बघत होती. आता कुठे मला कळलं ती काय बघते. साडेतीन वर्षं आम्ही म्हणत आलो की पोरगी किती लाघवी, बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर काढत नाही!

ते घरच तसं होतं. ते माझ्यामुळे तसं झालं होतं. माझे कान गेल्यावर अंजनानं, माझ्या बायकोनं, घराला वळण लावलं की मागून हाक मारायची नाही, समोर यायचं, खांद्याला हात लावायचा, तोंड दाखवून बोलायचं आणि हातानं दाखवायचं. अंजना गेली, वळण राहिलं. सरिता नवी सून म्हणून आली तेव्हा तिलाही तेच शिकवलं गेलं. त्या घरात नंदिनी जन्मली. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात ही पोरगी बहिरी आहे हे सहा महिन्यांत उघडं पडलं असतं, कुणी तरी स्वयंपाकघरातून हाका मारल्या असत्या, पाठमोरं बसून दटावलं असतं. आमच्याकडे सगळे बहिऱ्याशी बोलावं तसेच बोलत होते, कारण घरात एक बहिरा आधीच होता. वर मी तिला टर्बाइन हॉलच्या खुणा शिकवल्या. तिथं गोंगाटात आम्ही हातांनीच बोलायचो, अंगठा वर म्हणजे लोड वाढव, तळवा खाली म्हणजे कमी कर, दोन्ही मनगटं एकमेकांवर म्हणजे बंद. नंदिनीला भात अजून हवा असला की ती अंगठा वर करायची आणि मी पाहुण्यांना सांगायचो, पहा, पॉवर हाऊसची पोरगी. सकाळी वंदनेला ती आमच्यात बसायची, हात जोडायची, आमच्याबरोबर तिचे ओठ हलायचे, बुद्धं सरणं, सगळं बरोबर, फक्त आवाज नाही. आम्ही हसायचो. मनातल्या मनात म्हणते, मी म्हणायचो, मोठी झाली की विहारातल्या भन्तेजींना मागं टाकेल. काय काय बोललोय मी!

आणि त्या दिवशी. दहा महिन्यांची होती. सरिताच्या हातून कुकर फरशीवर पडला, मलासुद्धा दचकायला झालं, आणि पाळण्यात झोपलेली नंदिनी हलली नाही. दुपारी सरिता माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड दाखवून म्हणाली, “मामा, हे आवाजाले पाह्यत नाही वाटते. धंतोलीले दाखवून आनू का?” तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आज ओळखतो. तेव्हा मला वाटलं, पोरींना उगाच घाबरायची सवय. पण मी ते हसण्यावारी नेलं नाही, हेच तर वाईट. मी ते मनावर घेतलं. मी म्हणालो, थांब, टेस्ट करू. पेटीतून बत्तीस नंबरचा पाना काढला, निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी चकचकीत करून दिलेला. नंदिनीला पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसवायला सांगितलं, सरितानं शेजारी बसून तिला कमरेला धरलं. मी मागं गेलो आणि पलंगाच्या दांडीवर पाना हाणला. पोरगी अशी दचकली, अशी गर्रकन वळली की मला हसूच आलं. दुसऱ्यांदा हाणला, वळली. तिसऱ्यांदा हलका हाणला, मुद्दाम, तरी वळली. “पास,” मी म्हणालो, “आपल्या सर्वांपेक्षा तिखट कान आहे हिचा. काहून घाबरवून राहिली वं मले?” सरिता हसली आणि रडली, दोन्ही एकदम, पदराला डोळे पुसत आत चहा ठेवायला गेली. मी पाना पुसून पेटीत ठेवला. माझ्यासारख्या माणसानं त्या क्षणी नुसता तळहात पलंगावर टेकून पाहायचा होता. हवेत दोन भांडी वाजवायची होती. पोरीला कडेवर घ्यायचं होतं, बस्स, एवढंच, कडेवर.

त्यानंतर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी तो पाना दाखवला. डोस द्यायला येणारी नर्सबाई म्हणाली, एकदा कान तपासा, मी म्हणालो, मी तपासलाय. रोशन व्हिडिओ कॉलवर म्हणाला, बाबा, तरीबी दाखवून टाकू, मी म्हणालो, तू इंजिनेर का मी? नर्सरीत घातलं तेव्हा तिथल्या टीचरनं आठ दिवसांत सांगितलं, मी फळ्याकडे तोंड केलं की ही माझं काहीच ऐकत नाही. आठ दिवस! परक्या बाईला आठ दिवस लागले आणि मला दोन वर्षं आठ महिने. त्या टीचरशीही मी भांडून आलो होतो.

खुर्चीच्या हातावर माझं बोट आपोआप आपटलं असेल, कारण नंदिनी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी हात काढून घेतला. भाजल्यासारखा. आपण आता सांगितलं पाहिजे, असं मला वाटत होतं. सरितानं बाईंसमोर मला वाचवलं ते का, माझी लाज राखायला, की तिच्या लक्षातच आलेलं नाही? लक्षात आलं नसेल तर मी न सांगता मरू शकतो. हा विचार माझ्या मनात आला, मी तो लपवत नाही. मला तो जरा वेळ बरासुद्धा वाटला. मग नंदिनीनं ताणलेल्या काळ्याभोर बाहुल्यांनी माझ्या ओठांवर काही आहे का ते शोधलं, आणि मला राहवलं नाही.

मी शर्टाच्या खिशातून मशीन काढून कानात घातलं. “सरिता,” मी म्हणालो, “तुले आठवते का, मी पलंगावर पाना वाजवला होता.”

तिनं फोन मांडीवर ठेवला. माझ्या मशीनवर तिचा विश्वास नाही, म्हणून ती सवयीप्रमाणे पूर्ण माझ्याकडे वळली, तोंड दाखवून. “आठवते,” ती म्हणाली.

“तो लोखंडी होता वं. पलंग. पोरीनं आयकलं नाही, तिले धक्का लागला. लोखंडातून. मले माहीत पाह्यजे होतं. साऱ्या दुनियेत मलेच माहीत पाह्यजे होतं.” माझा आवाज वाढला असणार, समोरच्या म्हातारीनं घास हातात धरून पट्टीखालून आमच्याकडे पाहिलं. “माह्यामुळं गेले तिचे अडीच वर्सं. तू आनतच होती तिले इथं. मी आडवा आलो.”

मला वाटलं मशीन बंद पडलं. मग तिचे ओठ हलले आणि मी ते ओठांवरून आधी वाचलं, आवाज नंतर आला.

“मीबी त्याच पलंगावर बसली होती मामा.”

“पह्यलाच ठोका मांडीत लागला माह्या. मनक्यापर्यंत गेला. मले तवाच समजलं, हे धक्क्यानं वळून राहिली म्हनून.” ती नंदिनीच्या केसांतून हात फिरवत होती आणि तोंड माझ्याकडेच ठेवून बोलत होती, मला नीट दिसावं म्हणून. “तुमी म्हनलं, पास. मले तेच पाह्यजे होतं कोनाच्या तरी तोंडून. मंग मी चहा ठेवाले गेली.”

“मंग बोलली काहून नाहीस?”

“कशी बोलू? बोलली असती तं खरं झालं असतं.” तिचा ओठ थरथरला, तेवढा एक शब्द मला वाचता आला नाही. “रोज वाटे, उद्या सांगू. पोरगी तोंडाकडे पाहून हसे, मंग वाटे, नसनच. म्याडमनं इचारलं तवा मी तुमाले नाही वाचवलं मामा. मी मलेच वाचवलं.”

मला तिचा राग आला. एवढा मोठा, आंधळा राग की मी उठून जाईन असं वाटलं, आणि उठलो असतो तर चारही खुर्च्या हलल्या असत्या. मी बसून राहिलो. काही वेळानं कळलं की तो राग निम्मा माझंच ओझं हलकं झाल्याचा आहे, आणि त्या कळण्याची मला शरम वाटली. दोन जाणती माणसं एकाच पलंगाच्या दोन बाजूंना होती, एकाला कळलं नाही, एकीला कळलं, आणि दोघांनी मिळून पोरीला भिंतीकडे तोंड करून बसवून ठेवलं.

आम्ही गप्प झालो. आमच्या मध्ये बसून नंदिनी इतका वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे मान फिरवत होती. थेंबांनी सगळं धूसर झालेलं, ओठ हलायचे थांबले की नुसते तिला दिसेनासे झाले हेही तिला कळत नसेल. ती खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली, तोल गेला, सरितानं सावरलं. मग तिनं एक हात लांब करून आईचं तोंड चाचपलं आणि दुसरा तळवा माझ्या ओठांवर ठेवला, घट्ट, मी सळई टेकवायचो तसा. वाट बघितली. आत काहीच हलत नव्हतं. तिनं आईच्या तोंडावरचा हात काढला, माझ्या ओठांवरचा तसाच ठेवला, आणि मोकळ्या हाताचा अंगठा वर केला.

लोड वाढव.

“नंदू,” मी तिच्या तळव्यात म्हणालो. तिनं अंगठा खाली घेतला नाही.